गाळलेले पाणी, विरजलेले दूध

धुळे असो वा जळगाव, खान्देशातील जैन घरांच्या स्वयंपाकघरात एक दृश्य आजही पाहावयास मिळते. नळाला पाणी आले की हंड्याच्या तोंडावर घडी घातलेले पांढरे गाळणे बसविले जाते आणि पाण्याची धार त्यावर धरली जाते. विहिरींचे दिवस होते तेव्हा गाळण्यावर उरलेली ‘जीवाणी’ हलक्या हाताने त्याच विहिरीत परत सोडली जाई. कारण गाळण्याचा हेतू केवळ आपले पाणी स्वच्छ व्हावे एवढाच नव्हता, पाण्यातील जीवालाही धक्का लागू नये हा होता. आता विहिरी बुजल्या आणि घराघरांत पाणी शुद्ध करणारी यंत्रे आली. तरीही गाळणे गेलेले नाही.

अशा वेळी शाळेत जीवशास्त्र शिकणारी नात विचारते, “आजी, या फडक्यातून जीवाणू अडतात का?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि काही अंशी ‘होय’ असेही आहे.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा जीवाणू लांबीने एक ते तीन मायक्रॉन. जुन्या सुती साडीची चौपदरी घडी केली तरी तिची छिद्रे साधारण वीस मायक्रॉनची राहतात. या हिशेबाने पटकीचा जीवाणू त्या कापडातून सहज पार व्हावयास हवा. परंतु नदी-तळ्याच्या पाण्यात हा जीवाणू बहुधा एकटा फिरत नाही. पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगाला तो हजारोंच्या संख्येने चिकटून असतो. ते प्राणी वीस मायक्रॉनपेक्षा मोठे असल्याने कापडावर अडकतात आणि त्यांच्याबरोबर त्यांना चिकटलेले जीवाणूही अडकतात. अमेरिकन शास्त्रज्ञ डॉ. रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागातील 65 खेड्यांत याची परीक्षा घेतली. बायकांना एवढेच शिकविले की जुन्या साडीचा तुकडा चौपदरी करून घागरीच्या तोंडावर धरा आणि नंतर तो धुऊन उन्हात वाळवा. 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पटकीचे प्रमाण सुमारे 48 टक्क्यांनी घटलेले आढळले. साडी नवी नव्हे, जुनीच चांगली, हेही त्यात दिसले. कारण वारंवार धुतल्याने धाग्यांचे तंतू फुलतात आणि छिद्रे आक्रसतात.

मात्र उरलेले 52 टक्के विसरून चालणार नाही. विषमज्वराचा, अतिसाराचा एकटा फिरणारा जीवाणू कापडातून निर्धास्त निघून जातो. त्यामुळे ‘आपण गाळून पितो, आपल्याला काही होत नाही’ हे म्हणणे अर्ध्या सत्यावर उभे आहे.

कापडाचा व्यापारी आणि मिरीचे पाणी

जीवाणू प्रथम पाहिले ते कोणा वैद्याने वा प्राध्यापकाने नव्हे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. कापडाची वीण तपासण्यासाठी त्या काळचे व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूकला भिंगे घासण्याचा नाद लागला आणि त्याने स्वतः घडविलेली भिंगे त्या काळी इतर कोणाकडेही नव्हती इतकी सरस निघाली. मिरी तिखट का लागते, हे शोधण्यासाठी त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि काही दिवसांनी त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. त्यात त्याला असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. 1676 मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. पुढे 1683 मध्ये स्वतःच्या दातांवरील कीट काढून त्याने तेही तपासले, आणि तेथेही तीच वस्ती आढळली. दुकान सांभाळून केलेल्या या उद्योगावर पुढचे सारे जीवाणुशास्त्र उभे राहिले, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांतील मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

येथे एक मोह टाळलेला बरा. आपल्या शास्त्रांत सूक्ष्म जीवांचा विचार आहे, म्हणून पूर्वजांना जीवाणू ठाऊक होतेच, असे काही उत्साही वक्ते सांगतात. शास्त्रातील तो विचार अहिंसेच्या अंगाने झालेला आहे. त्याला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि प्रयोगशाळेलाही त्याच्या आधाराची नाही. कच्च्या दह्याबरोबर डाळ न खाण्याचा द्विदलाचा नियमच घ्या. जळगावसारख्या डाळमिलांच्या गावात तो पाळणारी घरे आहेत. त्याला जीवाणुशास्त्राचा दाखला शोधत बसण्याचे कारण नाही. तो संयमाचा नियम आहे आणि त्या नात्याने तो पुरेसा आहे. दोन गोष्टी जेथे सहजपणे जुळतात तेथे आनंद मानावा, जुळत नाहीत तेथे ओढाताण करू नये.

उकळलेल्या पाण्याच्या बाबतीत मात्र त्या खरोखरच जुळतात. पाणी खळखळा उकळले आणि मिनिटभर तसेच राहिले की पोटाचे रोग पसरविणारे जीवाणू नष्ट होतात. परंतु उकळलेले पाणी कायमचे शुद्ध राहत नाही. नळाच्या पाण्यात जे थोडे क्लोरिन असते तेही उकळताना उडून जाते, आणि मग थंड झालेल्या पाण्यात एक ओला हात बुडाला, एक उष्टा पेला पडला, की जीवाणूंना मोकळे रान मिळते. परंपरेने उकळलेल्या पाण्याला काळाची मर्यादा घातली आहे: उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात अवघे तीन, म्हणजे नऊ तास. पावसाळ्याची मर्यादा सर्वांत कमी ठेवली आहे, आणि अतिसार, कावीळ व विषमज्वर यांच्या साथी याच काळात डोके वर काढतात. आपल्याकडे नळ रोज येत नाही. धुळ्यात तर अनेक भागांत काही दिवसांआड पाणी येते आणि तोवर ते टाक्यांत, पिंपांत साठून राहते. अशा साठवणीच्या गावात हा तीन प्रहरांचा दंडक चातुर्मासात केवळ तपस्व्यांनीच नव्हे, घरातील प्रत्येकाने पाळावा असा आहे. पाणी काढताना पेला न बुडविता लांब दांड्याचे ओगराळे वापरले, तर निम्मे काम झाले.

वाढीचा वेग हा जीवाणूंचा खरा जोर. अनुकूल उष्णता आणि अन्न मिळाले तर आतड्यातील एक सामान्य जीवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. व्यापाऱ्याला चक्रवाढ समजावून सांगावी लागत नाही. वीस मिनिटांच्या हिशेबाने दहा तासांत तीस वेळा दुप्पट होते आणि एकाचे एकशे सात कोटींहून अधिक होतात. जळगावचा मे महिना, पंगत दुपारची, आणि बासुंदी सकाळी लवकर करून ठेवलेली. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय घडते, ते लग्नसराईत वर्तमानपत्रे सांगतातच. शिवाय काही जीवाणू अन्नात असे विष सोडून ठेवतात की अन्न पुन्हा गरम केल्यावर जीवाणू मरतात, पण विष तसेच राहते. म्हणून ‘एक उकळी दिली की झाले’ हा आचाऱ्याचा दिलासा नेहमीच खरा नसतो.

पोटातील वसाहत

इतके वाचून जीवाणू म्हणजे केवळ वैरी, असा समज होईल. तसे ते नाहीत. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील रॉन मायलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हिशेब मांडला. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी. त्यापूर्वी अनेक दशके ‘एका पेशीमागे दहा जीवाणू’ हा आकडा पुस्तकांतून फिरत होता. कोणीतरी एकदा अंदाजाने लिहिला आणि पुढच्यांनी तो न तपासता उचलला. खतावणीत असे घडले असते तर पहिल्याच तपासणीत सापडले असते. या सर्व जीवाणूंचे एकत्रित वजन मात्र सुमारे दोनशे ग्रॅमच भरते आणि त्यांची बहुतेक वस्ती मोठ्या आतड्यात असते.

ते तेथे फुकट राहत नाहीत. ज्वारी, डाळी, भाज्या यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो आंबवून ते लहान आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यांवरच पोसल्या जातात. रक्त गोठण्यासाठी लागणारे के जीवनसत्त्व ते काही प्रमाणात पुरवितात. रोगकारक जीवाणू पोटात उतरला तर त्याला जागा व अन्न मिळू नये असा बंदोबस्तही तेच करतात. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातील जीवाणूंचा अभ्यास केला. धान्य व भाज्यांवर जगणाऱ्या आपल्या लोकांत प्रिव्होटेला नावाच्या गटाचे प्राबल्य त्यांना आढळले. अमेरिकन माणसाच्या आतड्यातील वस्ती निराळी असते. तेव्हा परदेशी माणसावरील प्रयोगाचा निष्कर्ष दाखवून येथे महागड्या पुड्या व कॅप्सूल विकल्या जातात, त्याकडे थोडे सावधपणे पाहावे. कळण्याची भाकरी आणि पालेभाजी या वसाहतीला अधिक मानवते, आणि स्वस्तही पडते.

ही वसाहत जन्मापासून वसू लागते. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत; त्या बाळाच्या पोटातील उपकारक जीवाणूंसाठी असतात. ओडिशातील खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या नेतृत्वाखाली चार हजार पाचशेहून अधिक नवजात बालकांवर एक प्रयोग झाला. निम्म्या बालकांना जन्मानंतर काही दिवस लॅक्टोबॅसिलसचा एक प्रकार आणि त्याला पोषक शर्करा देण्यात आली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. जगण्या-मरण्यातील एवढा फरक अत्यंत स्वस्त अशा जीवाणूंच्या मात्रेने पडला. याचा अर्थ घरच्या बाळाला दुकानातून पुडी आणून द्यावी असा नव्हे. विशिष्ट प्रकारचा जीवाणू, ठरलेली मात्रा आणि डॉक्टरांची देखरेख यांखेरीज त्याला अर्थ नाही.

आता दह्याकडे वळू. विरजणातील जीवाणू दुधातील शर्करेचे आम्लात रूपांतर करतात, म्हणून दूध घट्ट होते आणि लवकर नासत नाही. ज्यांना दूध पचत नाही अशा अनेकांना दही पचते ते याच कारणाने. ‘दह्यात इतके जीवाणू असतात तर दही कसे चालते?’ हा प्रश्न आता पाठशाळेत मुले विचारू लागली आहेत. त्याचे शास्त्रोक्त उत्तर साधु-साध्वीजींकडूनच घ्यावे. दही किती काळ ग्राह्य मानावे याच्या मर्यादाही परंपरेनुसार कमीअधिक आहेत. आरोग्याच्या बाजूने एवढेच सांगता येते की ताजे दही हितकर आहे, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवसापर्यंत ताजे राहत नाही.

दह्याविषयीचा एक गैरसमज मात्र आपल्या घरांना महाग पडतो आहे. तो ब-12 जीवनसत्त्वासंबंधी आहे. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही आणि कोणताही प्राणीही करीत नाही. ते केवळ जीवाणू व त्यांच्यासारखेच काही सूक्ष्म जीव तयार करतात. गाईच्या पहिल्या पोटातील जीवाणू ते बनवितात, तेथून ते दुधात उतरते आणि दुधातून आपल्याला मिळते. आपल्या मोठ्या आतड्यातही जीवाणू ते तयार करतात, परंतु ते शोषून घेण्याची जागा त्याच्या आधी, लहान आतड्यात आहे. त्यामुळे ते वाया जाते. विरजणातील जीवाणू ब-12 वाढवितात, ही समजूत चुकीची आहे. दुधात जेवढे होते तेवढेच, किंवा थोडे कमीच, दह्यात असते. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते आणि प्रौढाची रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमहून थोडी अधिक आहे. चहात घातलेल्या दुधावर भागविणाऱ्याची तूट वर्षानुवर्षे साचत जाते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-12 कमी आढळले, आणि ही कमतरता शाकाहाराशी जोडलेली दिसली. तिचे प्रमाण शहरी मध्यमवर्गात अधिक होते, ही बाब लक्षणीय आहे. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवणारे यांच्यात ब-12 चे शोषण आणखी घटते. गल्ल्यावर बसणाऱ्या पन्नाशीच्या किती व्यापाऱ्यांच्या खिशात या दोन्ही गोळ्या असतात, ते सर्वांना ठाऊक आहे. औषधातील ब-12 हे जीवाणूंकडूनच, मोठ्या टाक्यांत आंबवून मिळविले जाते. गोळीच्या आवरणाविषयी शंका असेल तर औषध विक्रेत्याला विचारावे. पण तपासणी टाळू नये.

आम्लपित्ताचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट. पोटातील व्रण हे काळजीने, तिखटाने, अवेळी जेवणाने होतात, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत डॉक्टरही मानीत. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना त्यामागे एक वळणदार जीवाणू दिसला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जीवाणूंचे पाणी स्वतः पिऊन पोटाचा दाह ओढवून घेतला. 2005 चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले.

1994 चा सप्टेंबर

घातक जीवाणूचा धसका खान्देशने अलीकडच्या काळात सर्वांत जवळून अनुभवला तो 1994 च्या सप्टेंबरात. सूरत आणि खान्देश यांना तापी नदी जोडते आणि तिच्या काठाने जाणारा सूरत-भुसावळ रेल्वेमार्गही जोडतो. आपल्या समाजाचे कापडाचे व्यवहार, सोयरिकी सूरतशी. आणि उधना, लिंबायत भागातील यंत्रमागांवर पोट भरणारी हजारो माणसे खान्देशातील. त्या वर्षी तापीला पूर आला. पाणी ओसरल्यावर घाण आणि मेलेली जनावरे मागे राहिली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करीत जळगावकडे येणाऱ्या गाड्यांतून उतरणाऱ्या माणसांच्या तोंडावर रुमाल होते, आणि त्यांना घरात घ्यावे की नको हा प्रश्न सख्ख्या नातलगांपुढेही उभा राहिला.

प्लेगचा जीवाणू अलेक्झांडर येर्सिन याने हाँगकाँगमध्ये शोधला तो 1894 मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांपूर्वी. तो उंदरांच्या पिसवांतून माणसात येतो आणि फुप्फुसात शिरला तर खोकल्यातून पसरतो. 1896 मध्ये तो मुंबईत आला. तेव्हा वाल्देमार हाफकिन यांना ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर लस तयार करण्याचे काम देण्यात आले. त्यांनी काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने प्लेगचे जीवाणू वाढविले, उष्णतेने मारले आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्राण घेणारा जीवाणूच मेलेल्या रूपात प्राण राखू शकतो, हे या देशाने तेव्हा पाहिले. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

1994 मध्ये मृतांची संख्या साठीच्या आत राहिली. प्लेगच्या जीवाणूवर टेट्रासायक्लीन हे साधे, स्वस्त औषध लागू पडत होते, हे त्याचे एक मोठे कारण. पण भीती अशी की दूरदूरच्या शहरांतही, जेथे एकही रुग्ण नव्हता तेथे, टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल दुकानांतून दिसेनाशा झाल्या. लोकांनी त्या मूठमूठ घेऊन ठेवल्या, मनाला येतील तशा खाल्ल्या. सूरतचे दुखणे मात्र कॅप्सूलने बरे झाले नाही. 1995 मध्ये आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि पाणी यांची जी शिस्त लावली, तिने दोन वर्षांत हे शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. साडीच्या गठ्ठ्यांसाठी जाणाऱ्या धुळे-जळगावच्या व्यापाऱ्यांनी तो बदल डोळ्यांनी पाहिला आहे.

दोन गोळ्यांचा व्यवहार

कॅप्सूल खिशात ठेवण्याची ती सवय मात्र गेली नाही, उलट वाढली. धुळ्याच्या आग्रा रोडवरील वा जळगावच्या दाणा बाजारातील कोणतेही दुकान घ्या. शेटजींना सर्दी झाली, घसा खवखवला. दुकान सोडून डॉक्टरांकडे जायला सवड नाही. नोकराला पाठवून शेजारच्या मेडिकलमधून ‘ती मागच्या वेळची गोळी’ मागविली जाते; दोन दिवसांत बरे वाटते, उरलेल्या गोळ्या गल्ल्यात पडतात आणि पुढच्या महिन्यात नातवाला अर्धी करून दिल्या जातात. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही. सर्दी आपल्या वेळेने गेली, श्रेय गोळीला मिळाले. पोटात मात्र त्या गोळीने काम केलेले असते: उपकारक वसाहतीतील कित्येक जीवाणू तिने मारले, आणि ज्यांच्यात योगायोगाने तिला दाद न देण्याचा गुण होता तेवढे शिल्लक राहिले. मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढतात, वीस मिनिटांच्या चक्रवाढीने. एवढेच नव्हे, हा गुण एक जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो.

विषमज्वराचा इतिहास यासाठी पाहण्याजोगा आहे. 1948 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध आले आणि तीन-चार आठवडे माणसाला झिजविणारा, प्रसंगी प्राण घेणारा मुदतीचा ताप आटोक्यात आला. 1990 च्या सुमारास भारतात हे औषध आणि त्याच्या जोडीची औषधे लागू पडेनाशी झाली. सिप्रोफ्लॉक्सासिन आले, एका दशकाच्या आत तेही बोथट झाले. मग शिरेतून देण्याचे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि तोंडाने घ्यावयाचे अ‍ॅझिथ्रोमायसिन यांच्यावर भिस्त आली. 2016 मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा विषमज्वर सुरू झाला, आणि तेथे तोंडाने घेण्याजोगे एकच औषध हाताशी राहिले, ते अ‍ॅझिथ्रोमायसिन. आपल्या बाजारात घसा खवखवला की चिठ्ठीवाचून मागितली जाते ती बहुतेकदा हीच गोळी.

या बाबतीत महाराष्ट्राने एक चांगले पाऊल जगाच्या आधी टाकले. हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केलेली विषमज्वराची नवी लस 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना देण्यास सुरुवात केली. सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेतून ती देण्याचा तो जगातील पहिला प्रयत्न होता. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे ही लस मिळते. पाण्याची साठवण करावी लागणाऱ्या गावांतील पालकांनी तिची चौकशी करावी. अतिसार झालेल्या मुलाला प्रथम मीठ-साखरेचे जीवनजल द्यावे. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा प्रतिजैविकाशिवाय बरे होतात. आणि क्षयासारख्या रोगात सहा महिन्यांचे औषध सांगितले असेल तर दुसऱ्या महिन्यात वजन वाढले, खोकला थांबला म्हणून ते सोडू नये.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे औषधांच्या घाऊक व किरकोळ व्यापारात आहेत. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न घरचाही आहे आणि दुकानाचाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हटले तर ते समोरच्या दुकानात जाईल, ही अडचण खरी आहे. ती वरवर झटकून टाकण्यासारखी नाही. तरीही जो व्यापारी पाणी गाळून पितो, त्याने गल्ल्यावरून दोन गोळ्या सुट्या कापून देताना थोडे थांबावयास हवे. तसा कायदाही आहे. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच-1 अनुसूचीतील प्रतिजैविके विकताना दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवावयाची असते. तीत चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेली संख्या लिहावी लागते, आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. चिठ्ठीवाचून दिलेल्या दोन गोळ्या त्या वहीत कोठेच उतरत नाहीत. साठ्यात त्या कमी दिसतात, नोंदीत त्या नसतात, आणि त्या कोणाच्या पोटात गेल्या हे विचारणारा तपासनीस फार क्वचित येतो.